खडक, दोर आणि वचन : प्रस्तरारोहणातून विश्वासाचे धडे कसे शोधावेत

प्रस्तरारोहण करणाऱ्या ख्रिस्ती माणसाला विश्वासाचे धडे शोधत हिंडावे लागत नाही. ते आपणहून अंगावर येतात, आणि खरी अडचण तिथूनच सुरू होते. खडक दिसला की ‘परमेश्वर माझा खडक’ आठवते, दोर हातात आला की उपदेशकातली तीनपदरी दोरी आठवते, माथा गाठला की यशयाच्या गरुडाचे पंख आठवतात, आणि पायांतले बूट सुटण्यापूर्वीच रविवारचा संदेश तयार झालेला असतो. असा संदेश ऐकायला गोड लागतो. पण त्यात चढाई नसते, आणि नीट पाहिले तर बहुतेक वेळा वचनही नसते. दोन्हीकडचे ओळखीचे शब्द तेवढे एकमेकांना चिकटवलेले असतात. मंडळीच्या तरुण संघाबरोबर कड्यांवर जाऊ लागल्यावर पहिली काही वर्षे मी स्वतः असेच संदेश दिले, आणि एका मुलीने ‘हे तुम्ही वर न चढताही सांगू शकला असता’ असे सरळ म्हटले तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते. त्यानंतर जी पद्धत हळूहळू हाती बसत गेली ती येथे मांडतो आहे. चढाई कशी करावी हे या लेखात सांगितलेले नाही. ते प्रशिक्षित माणसाकडून, प्रत्यक्ष कड्यावर आणि हेल्मेट घालूनच शिकावे.

आधी चढाई, मग अर्थ

पहिला नियम असा की कड्यावर असताना अर्थ शोधू नये. ज्याचे अर्धे लक्ष पुढच्या पकडीवर आणि अर्धे संध्याकाळच्या मननावर असते तो दोन्हीकडे घसरतो, आणि यांपैकी एका घसरण्याचा परिणाम त्याच्या जोडीदारालाही भोगावा लागतो. शिवाय यात सचोटीचाही प्रश्न आहे. हा खडक देवाने निर्माण केला असे आपण मानत असू, तर तो मुळात कसा आहे, कुठे खरखरीत आहे, कुठे पोकळ वाजतो, उन्हात तापल्यावर हाताला कसा लागतो, हे आधी पाहणे हाच त्याचा मान राखणे आहे. आपल्या संदेशासाठी दृष्टान्त पुरवणे एवढ्यासाठी तो तिथे उभा नाही.

माझ्या पहिल्या वर्षातली एक चढाई अजून माझ्या पायांना आठवते. जमिनीपासून दहा-बारा मीटर वर, तिरक्या स्लॅबवर, म्हणजे कललेल्या सपाट कातळावर, मी अडकलो होतो. उजवा पाय वाटाण्याएवढ्या उंचवट्यावर होता, डावा नुसत्या घर्षणावर, आणि दोन्ही हातांची बोटे एका कपारीत इतकी घट्ट रुतवली होती की नखे पांढरी पडली होती. उजवा पाय शिलाई मशीनसारखा थडथडू लागला. मी छाती खडकाला टेकवली, तसा डावा पाय सरकला. खाली बिले देणारा, म्हणजे मी पडलो तर रोखता यावे म्हणून माझा दोर धरून उभा असलेला, माझा जोडीदार देवाधर्माच्या वाटेला सहसा जात नाही, तो आवाज न चढवता म्हणाला, “टाच खाली घे. खडकापासून लांब हो. पायांवर उभा राहा.” मी टाच खाली घेतली, अंग मागे सारले, आणि थरथर थांबली.

यामागचे कारण साधे आहे. टाच उचललेली असली की पोटरी सतत ताणलेली राहते आणि दमल्यावर थरथरते. टाच खाली आली की तो ताण उतरतो आणि बुटाच्या रबराचा अधिक भाग खडकाला लागतो. तिरक्या खडकावर पाय टिकतो तो त्याच्यावर दाबून पडलेल्या वजनामुळे. घाबरलेला माणूस खडकाला बिलगतो, त्यामुळे ते वजन पायांवरून निघून जाते, आणि पडण्याच्या भीतीने त्याने जे केले त्यानेच तो घसरतो. हे ज्ञान कोणत्याही धर्माचे नाही; माझ्या जोडीदाराला ते माझ्याइतकेच, किंबहुना माझ्याहून चांगले ठाऊक होते. म्हणूनच धड्याचा पाया म्हणून त्यावर भरवसा ठेवता येतो. आपण सांगत असलेली चढाईची गोष्ट आपल्याबरोबरच्या, ख्रिस्ती विश्वास न मानणाऱ्या गिर्यारोहकालाही जशीच्या तशी मान्य होते का, ही पहिली कसोटी मी आजही लावतो. ती मान्य होत नसेल तर वचनापर्यंत जाण्याची गरजच नाही, कारण दृष्टान्तच खोटा आहे.

तीन ओळींची वही

यासाठी खिशात मावेल एवढी वही पुरते. प्रत्येक चढाईला तीन ओळी द्याव्यात. पहिल्या ओळीत काय घडले ते लिहावे, आणि ते इतक्या कोरडेपणाने लिहावे की वाचणाऱ्याला लिहिणाऱ्याचा धर्म कळू नये. दुसऱ्या ओळीत आपल्या मनात काय झाले ते लिहावे, लाजिरवाणे असले तरी लिहावे. या दोन ओळी त्याच दिवशी, शक्यतो कड्याच्या पायथ्याशीच लिहिलेल्या बऱ्या, कारण घरी पोहोचेपर्यंत आपण अधिक धीट झालेलो असतो. तिसरी ओळ वचनासाठी ठेवावी आणि ती निदान एक आठवडा रिकामी सोडावी. आठवडाभराच्या नेहमीच्या वाचनात, प्रार्थनेत किंवा उपासनेत एखादे वचन त्या दोन ओळींना येऊन भिडले तर ते लिहावे. न भिडल्यास ओळ तशीच राहू द्यावी. पवित्र शास्त्राच्या शब्दसूचीत ‘खडक’ शोधून सापडलेले वचन तिसऱ्या ओळीत घालायचे नाही, एवढे पथ्य मात्र कडकपणे पाळावे.

स्लॅबवरच्या त्या दिवसाच्या पानावर पहिली ओळ ‘खडकाला बिलगलो, पाय सुटला, मागे झालो, पाय टिकला’ अशी आहे, आणि दुसरी ‘हात सोडण्यापेक्षा पडणे बरे असे वाटत होते’ अशी. तिसरी ओळ भरायला पाच आठवडे लागले. स्तोत्र ४६ वाचताना दहाव्या वचनाशी मी थांबलो. शांत व्हा आणि मी देव आहे हे जाणा, असे आपण ते वाचतो. मूळ इब्री क्रियापदात मात्र ढिले सोडणे, हात खाली पडू देणे असा अर्थ आहे. पांढरी पडलेली नखे मला तेव्हा आठवली.

पण इथेच थांबलो असतो तर पुन्हा जुनीच चूक झाली असती. ते स्तोत्र दमलेल्या एकट्या माणसाला विश्रांतीचा सल्ला देत नाही. त्यात राष्ट्रे खवळलेली आहेत, राज्ये डळमळत आहेत, देव धनुष्य मोडतो आणि भाला तोडतो, आणि त्यानंतर ‘आता हात खाली करा’ असा हुकूम सुटतो. म्हणजे जे हात सैल करायचे ते लढणारे हात आहेत. हे लक्षात आल्यावर माझ्या दुसऱ्या ओळीकडे मला पुन्हा पाहावे लागले: त्या कपारीत मी केवळ घाबरलेला होतो की खडकाशी, आणि खालून सूचना देणाऱ्या माणसाशीही, भांडत होतो? उत्तर फारसे सुखाचे नव्हते. वचनाचा संदर्भ तपासल्याने धडा पुष्कळदा पातळ होतो किंवा निकालात निघतो. कधीकधी मात्र तो असा वळून आपल्याच अंगावर येतो, आणि तेव्हा तो वहीत ठेवण्याच्या लायकीचा ठरतो.

वचन त्याच्या जागी जाऊन वाचावे

उंच जागी उभे राहून वचन उद्धृत करण्याचा पवित्र शास्त्रातला सर्वांत ठसठशीत प्रसंग सैतानाच्या नावावर आहे, हे प्रत्येक ख्रिस्ती गिर्यारोहकाने ध्यानात ठेवावे. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात तो येशूला मंदिराच्या शिरोभागी उभे करतो आणि खाली उडी टाक असे सांगताना स्तोत्र ९१ मधली वचने म्हणून दाखवतो: देवदूत तुला हातांवर झेलतील, तुझा पाय दगडावर आपटणार नाही. शब्द खरे आहेत, प्रसंगही उंचीचाच आहे, आणि तरी तो मोह आहे. स्तोत्रात ‘तुझ्या सर्व मार्गांत’ तुझे रक्षण करण्याची आज्ञा देवदूतांना दिलेली आहे. सैतानाच्या तोंडी नेमके ते शब्द गळलेले आहेत. येशू उत्तर देतो ते अनुवाद या पुस्तकातील वचनाने, की परमेश्वर तुझा देव याची परीक्षा पाहू नको. स्तोत्र ९१ टी-शर्टवर छापून कड्यावर येणारे तरुण मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या हार्नेसचे, म्हणजे दोर बांधण्यासाठी कमरेला घालायच्या पट्ट्यांचे, बक्कल तपासताना हा उतारा त्यांना वाचायला सांगावासा वाटला आहे.

‘खडक’ या शब्दाचेही असेच आहे. स्तोत्र १८ च्या आरंभी परमेश्वराला जी नावे दिली आहेत त्यांत खडकासाठी सेला आणि त्सूर असे दोन वेगळे इब्री शब्द येतात, आणि स्तोत्राच्या शीर्षकात ते दाविदाने शौलाच्या हातून सुटल्यावर गायिले असे म्हटले आहे. तो खडक जिंकायचा नसून लपायचा आहे. निर्गम ३३ मध्ये मोशेला खडकाच्या भेगेत ठेवले जाते तेही झाकण्यासाठी. पवित्र शास्त्रातला माणूस खडकाकडे पाहतो तेव्हा त्याला तिथे सावली, आडोसा, पाणी आणि पाया दिसतो. आव्हान सहसा दिसत नाही. म्हणून ‘जसा मी हा कडा सर केला तसे प्रभूच्या साहाय्याने संकट सर करीन’ या वाक्यातला खडक शास्त्रातला नव्हे, आपल्या खेळातला आहे. तसे म्हणायला हरकत नाही, मात्र त्याखाली दाविदाचे स्तोत्र जोडू नये.

खरोखर हातापायांनी चढणारा माणूस एका ठिकाणी भेटतो, आणि आश्चर्य म्हणजे त्याच्यावर संदेश फारच कमी ऐकू येतात. १ शमुवेल १४ मध्ये योनाथान आपल्या शस्त्रवाहकाला घेऊन पलिष्ट्यांच्या ठाण्याकडे जातो. वाटेत दोन्ही बाजूंना दोन कडे आहेत. त्यांची बोसेस आणि सेने ही नावेसुद्धा लेखकाने नोंदवली आहेत, आणि त्यांना इब्रीत अक्षरशः खडकाचा दात असे म्हटले आहे, जसे आपण सुळका म्हणतो तेव्हा सुळा आठवतो. तेराव्या वचनात योनाथान हातापायांनी वर चढतो आणि शस्त्रवाहक त्याच्या मागून चढतो. पण चढण्यापूर्वी तो जे म्हणतो ते अधिक महत्त्वाचे आहे: ‘कदाचित’ परमेश्वर आपल्यासाठी काही करील. मंदिराच्या शिरोभागी ज्या खात्रीची मागणी झाली तिच्या शेजारी हा ‘कदाचित’ ठेवून पाहावा. मला हा उतारा फार प्रिय आहे. तरीही तो वाचताना योनाथान वर पोहोचल्यावर तिथे सुमारे वीस माणसे मारली जातात हे वगळून पुढे जाता येत नाही. तो खेळ नव्हता, युद्ध होते, आणि वर जाऊन फोटो काढणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्याच्याशी बरोबरी सांगताना जपून राहिलेले बरे.

एक छोटी सूचना भाषेबद्दलही करायला हवी. इंग्रजी प्रवचनांतून आलेले काही धडे केवळ शब्दसाम्यावर उभे असतात. इब्री लोकांस पत्रातल्या सहाव्या अध्यायात आशेला जिवाचा नांगर म्हटले आहे, आणि इंग्रजीत जहाजाचा नांगर व दोर बांधण्याचा अँकर यांना एकच शब्द असल्याने तिथे दृष्टान्त आपोआप जुळतो. मराठी श्रोत्याला नांगर म्हटल्यावर आधी शेत आठवते. तरी एक खरे साम्य तिथे आहे: तो नांगर पडद्याच्या आत, दृष्टीआड रोवलेला आहे, आणि टॉप रोपवर, म्हणजे वरून आलेल्या दोराला बांधून, चढणाऱ्यालाही वरचा अँकर कड्याच्या कडेमागे असल्याने पुष्कळदा दिसत नाही. असे साम्य असेल तर सांगावे. नुसता शब्द जुळतो म्हणून सांगू नये.

दोर आणि जोडीदार

धड्यांच्या दृष्टीने या खेळाचा सर्वांत कसदार भाग माझ्या मते माथा नव्हे, दोर आहे. नवखा माणूस टॉप रोपवर पहिल्यांदा वर पोहोचला की त्याला खाली उतरवण्यासाठी ‘आता मागे रेल आणि हार्नेसमध्ये बस’ असे सांगितले जाते. जवळजवळ प्रत्येक जण त्या क्षणी दोर दोन्ही हातांनी पकडतो. दोर आपल्याला धरेल हे त्याला पटलेले असते, दोराची ताकद त्याने ऐकलेली असते, आपल्या आधी चौघांना उतरताना पाहिलेलेही असते. भार मात्र त्याने टाकलेला नसतो. आपल्या मराठीत ‘देवावर भार टाकणे’ हा प्रयोग इतका रुळला आहे की त्यातले वजन आपल्याला जाणवेनासे झाले आहे. स्तोत्र ५५ मधले ‘आपला भार परमेश्वरावर टाक’ हे वचन मी लहानपणापासून पाठ म्हणत आलो. त्यात कमरेचे स्नायू सैल सोडावे लागतात हे मला हार्नेसमध्ये बसल्यावर कळले. याकोबाच्या पत्रात भुतेही देव एकच आहे असा विश्वास धरतात आणि थरथर कापतात असे म्हटले आहे. दोरावर विश्वास असून तो हातांनी आवळून धरणाऱ्या माणसाची अवस्था त्याच्या बरीच जवळची आहे.

दोराच्या रचनेकडेही पाहण्यासारखे आहे. आजचा चढाईचा दोर म्हणजे आत तंतूंचा गाभा आणि बाहेर विणलेले आवरण. बहुतेक भार गाभा पेलतो आणि आवरण त्याला घासण्यापासून वाचवते. त्यामुळे बाहेरून सुरेख दिसणारा दोर आतून दुखावलेला असू शकतो, आणि ते कळण्यासाठी तो इंच न् इंच बोटांमधून सरकवून मऊ किंवा चपटी जागा लागते का ते पाहावे लागते. दुसरे म्हणजे पडणाऱ्याला झेलणारा दोर ताणला जाणारा असतो. आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघाच्या निकषांनुसार एकेरी दोराने ८० किलो वजनाचे निदान ५ ठरावीक झटके सोसले पाहिजेत, पहिल्या झटक्यात तो ४० टक्क्यांहून अधिक ताणला जाता कामा नये, आणि झटक्याचे बल १२ किलोन्यूटनच्या आत राहिले पाहिजे. दोर ताणला गेला नाही तर तो माणसाला रोखेल खरा, पण त्या हिसक्याने त्याला मोडूनही टाकील.

याचा अनुभव मोठा विलक्षण असतो. दोराने आपले काम सुरू केल्यानंतरही पडणारा माणूस काही क्षण खालीच जात असतो. पोटात अजून खड्डा पडलेलाच असतो, कानांत वारा असतो, आणि झेलले जाणे त्याला पडण्यासारखेच वाटते. स्तोत्र ९४ मध्ये ‘माझा पाय घसरला’ असे मी म्हणालो तेव्हा, हे परमेश्वरा, तुझ्या दयेने मला आधार दिला, अशा अर्थाचे वचन आहे. हे वचन माझ्या वहीत एका वेगळ्याच वर्षाच्या पानावर आहे. त्या वर्षी घरात आजारपण होते आणि आपण अजून खालीच चाललो आहोत असे मला महिनोन् महिने वाटत होते. आधार कधी सुरू झाला हे मी आजही तारीखवार सांगू शकणार नाही.

आता गाठीविषयी. चढण्यापूर्वी चढणारा आणि बिले देणारा एकमेकांची बक्कले, आठची गाठ, बिलेचे साधन आणि कॅराबिनरचा, म्हणजे दोर अडकवायच्या कडीचा, लॉक हात लावून तपासतात. नवख्यांनी हे करायचे आणि जाणत्यांनी नाही, असा समज पुष्कळांचा असतो. जगातल्या उत्तम प्रस्तरारोहकांपैकी एक असलेल्या लिन हिल १९८९ मध्ये फ्रान्समधल्या एका कड्यावरून २० मीटरहून अधिक उंचीवरून खाली आल्या, कारण त्यांनी दोर हार्नेसमध्ये ओवला होता पण गाठ पुरी केली नव्हती. झाडामुळे त्या वाचल्या, आणि १९९३ मध्ये अमेरिकेतल्या एल कॅपिटन या कड्याच्या ‘नोज’ या मार्गावर दोराचा आधार केवळ पडल्यास झेलण्यापुरता ठेवून हातापायांच्या बळावर चढणाऱ्या त्या पहिल्या ठरल्या. म्हणजे चूक अज्ञानाची नव्हती. सवयीच्या कामात मधेच लक्ष दुसरीकडे गेले की हात थांबतात आणि मन मात्र काम झाले असे धरून चालते. जोडीदाराची तपासणी असते ती यासाठीच. याकोबाच्या पत्रातले ‘एकमेकांजवळ आपली पातके कबूल करा’ हे सांगणे आपल्या मंडळ्यांमध्ये किती जणांना मनापासून रुचते हे मी विचारणार नाही. परंतु कड्यावर ‘माझी गाठ बघ’ असे म्हणायला लाजणाऱ्या माणसाबरोबर मी चढत नाही, एवढे नक्की.

बिले देणाऱ्याबद्दल फार कमी बोलले जाते. तो चढत नाही, त्याचा फोटो येत नाही, मान वर करून करून ती अवघडते, आणि ब्रेकचा, म्हणजे दोर रोखून धरणारा, हात दोरावरून एक क्षणही सोडायची त्याला मुभा नसते. मध्यस्थीच्या प्रार्थनेविषयी तरुणांशी बोलायचे असेल तर त्यांना अर्धा तास बिले देऊ द्यावी, आणि मग मत्तयाच्या २६ व्या अध्यायातली गेथशेमाने बाग वाचावी, जिथे शिष्यांना घटकाभर जागे राहायला सांगितले होते आणि ते झोपले. निर्गम १७ मधले अहरोन आणि हूर मोशेला धोंड्यावर बसवून त्याचे हात सूर्यास्तापर्यंत वर धरून उभे राहतात, तेही याच जातीचे काम आहे. गिर्यारोहकांचे आश्रयदाते संत म्हणून पोप अकरावे पायस यांनी १९२३ मध्ये ज्यांना घोषित केले त्या बर्नार्ड यांची ख्यातीही शिखरांसाठी नाही. आल्प्समधल्या खिंडीत बर्फात अडकणाऱ्या प्रवाशांसाठी त्यांनी आश्रयगृह उभारले. हे पोप स्वतः तरुणपणी कसलेले गिर्यारोहक होते, त्यामुळे शिखर कशाला म्हणतात हे त्यांना ठाऊक होते, आणि तरी निवड खिंडीतल्या माणसाची झाली.

जिथे साम्य संपते तिथे थांबावे

प्रत्येक दृष्टान्त कुठे तरी तुटतो, आणि तो कुठे तुटतो हे सांगणाऱ्याने आधीच शोधून ठेवलेले असावे. दोराचा दृष्टान्त देवाला लावताना तो लवकरच तुटतो. दोराची परीक्षा पाहणे हे आपले कर्तव्य आहे आणि देवाची परीक्षा पाहणे निषिद्ध आहे. दोर म्हातारा होतो. उत्पादक साधारणपणे न वापरलेला दोरही १० वर्षांनंतर बाद करायला सांगतात. दोर आपण विकत आणतो, हवा तेव्हा बांधतो, काम झाले की गुंडाळून पिशवीत टाकतो. देवाला असे वापरण्याची सवय ज्याला लागली आहे त्याला दोराचा दृष्टान्त आणखीच बिघडवतो. आणि सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे नीट बांधलेले, प्रार्थना करून चढलेले लोकही कधी पडतात आणि जातात. ‘देवाने मला वाचवले’ असे म्हणताना, ज्याला वाचवले गेले नाही त्याची आई समोर बसली आहे असे मनात आणावे, आणि मग ते वाक्य जसे म्हणवेल तसेच म्हणावे. मला ते अनेकदा अजिबात म्हणवले नाही. कृतज्ञता व्यक्त करायला तेवढ्याने आडकाठी येत नाही. हिशेब मांडायला येते.

इतरांना घेऊन जाताना

दोरावर लटकलेल्या माणसाला उपदेश करू नये. तो कुठे जाऊ शकत नाही म्हणून ऐकतो आहे, आणि अशा श्रोत्यापुढे बोलण्यात कसलेही शौर्य नाही. मुलगा वर अडकला, रडू लागला, तर त्याला ताबडतोब खाली घ्यावे. ‘विश्वास ठेव, अजून एक पाऊल’ असे म्हणून त्याच्या भीतीचा प्रयोग करू नये, कारण त्याला आयुष्यभर आठवेल ते पाऊल नव्हे, त्याला कुणी उतरवले नाही हे. बरोबर इतर धर्मांचे किंवा कोणताही धर्म न मानणारे सोबती असतील तर मनन होणार आहे हे त्यांना घरून निघण्यापूर्वीच सांगावे, आणि त्या वेळी त्यांनी दूर बसणे सहज व्हावे असे पाहावे.

मननाच्या वेळी धडा सांगण्याऐवजी विचारलेला प्रश्न अधिक उपयोगी पडतो, आणि तो प्रश्न चढाईचाच असावा. कोणत्या क्षणी खाली उतरावेसे वाटले? बिले देणाऱ्याचा आवाज कधी हवासा वाटला आणि कधी नकोसा? कोणती पकड खालून चांगली दिसत होती आणि हाताला फसवी निघाली? मुले यावर भरभरून बोलतात. त्यानंतर एकच उतारा, पुरा, मागचापुढचा भाग धरून वाचावा आणि जोडणी त्यांच्यावर सोडावी. ती झाली नाही तर शांतता दहा मिनिटे टिकते, आणि नेत्याला ती फार लांब वाटते. त्याने तोंड उघडू नये. ज्या मुलीच्या त्या सरळ वाक्याने मी गप्प झालो होतो ती आता स्वतः गट घेऊन जाते, आणि मला तिच्याकडून कळते की ही दहा मिनिटे तिलाही जड जातात.

उतरणे

माथ्यावरचा संदेश मी हल्ली देतच नाही. यशया ४० मधले गरुडाच्या पंखांचे वचन माथ्यासाठी राखून ठेवलेले असते, पण त्याचा क्रम पाहावा: आधी उडणे, मग धावणे, आणि शेवटी न थकता चालणे. बंदिवासातून घरी जाण्याची वाट पाहणाऱ्या लोकांना ते सांगितले आहे, आणि त्यांच्यापुढे चालण्याचेच काम होते. रूपांतराच्या डोंगरावर पेत्राला तीन मंडप उभारून तिथेच राहावेसे वाटले. लूक सांगतो की दुसऱ्या दिवशी ते उतरले तेव्हा खाली एक बाप आपल्या आजारी मुलासाठी विनवणी करत उभा होता. गिर्यारोहकांच्या भाषेतही चढाई पुरी होते ती पायथ्याशी परत आल्यावर. उतरताना अंग दमलेले असते, मन घरी पोहोचलेले असते, आणि रॅपलिंगसाठी, म्हणजे दोरावरून खाली उतरण्यासाठी, दोराच्या टोकांना गाठी मारायच्या राहून जातात. म्हणून माथ्यावर प्रार्थना करायची झाली तर ती छोटी करावी आणि ‘आमेन’ झाल्यावर पुन्हा एकमेकांची बक्कले तपासावीत.

पायथ्याशी आल्यावर दोर गुंडाळण्याचे काम आमच्या गटात दोघे मिळून करतात. एक जण दोर बोटांमधून सरकवतो, दुसरा वेटोळी घालतो, आणि मऊ जागा लागली तर जो सरकवत असेल त्याने मोठ्याने सांगायचे असते. बाकीचे तेवढ्या वेळात वह्या काढतात. माझ्या वहीतले एक पान मुलांना मी नेहमी दाखवतो. पहिली ओळ: ‘माथा तीन मीटरवर असताना पाऊस आला, उतरलो.’ दुसरी ओळ: ‘आधी राग आला, मग सुटल्यासारखे वाटले, मग सुटल्यासारखे वाटल्याची लाज वाटली.’ तिसरी ओळ रिकामी आहे, आणि त्या पानाला आता चौथे वर्ष लागले आहे.